खाटल्यावरचे देणे

आज सोमवार. काल दुपारी जेवण आटोपले, वर्तमानपत्राची पुरवणी छातीवर पसरली आणि आपला डोळा लागला. माघातली दुपार ती. ऊन अजून बोचत नाही, सावलीत अजून शाल लागते आणि पंख्याच्या घरघरीवाचूनही झोप येते. चार-साडेचारला जाग आली तेव्हा मन निवायला हवे होते, पण मनात आधी उमटली ती यादी. इस्त्रीचे कपडे, बँकेचे काम, अर्धे राहिलेले पुस्तक, मनगटावरच्या घड्याळाने मोजलेली आणि कमी पडलेली पावले. कुणी रागावले नव्हते, कुणाचे काही अडले नव्हते; तरी आपण चोरी करताना सापडल्यासारखे उठलो. 'झोप लागली होती का?' असे घरातून कुणी विचारले, तेव्हा 'छे, जरा पडलो होतो' असे सांगून मोकळे झालो. जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पहुडण्याला 'वामकुक्षी' असा खास शब्द ज्या भाषेने घडवला, त्याच भाषेत आपण दुपारच्या झोपेबद्दल खोटे बोलतो.

आजची तारीख ९ फेब्रुवारी. या तारखेला महाराष्ट्राने दोन माणसे गमावली, एकशे अकरा वर्षांच्या अंतराने. १८९७ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गेले आणि २००८ साली आनंदवनात बाबा आमटे गेले. लोखंड्यांनी गिरणीतल्या कामगाराला रविवार मिळवून दिला. बाबांनी कुष्ठरुग्णाच्या झडलेल्या बोटांत कुदळ दिली आणि श्रमालाच देव मानले. एकाचे नाव सुट्टीशी जोडलेले, दुसऱ्याचे कष्टांशी. दोघांची पुण्यतिथी एकाच दिवशी यावी, हा योगायोग आपल्यासारख्या ओशाळून उठणाऱ्यांच्या सोयीचाच म्हणायला हवा; कारण कालच्या त्या झोपेचा न्याय करायला याहून चांगले पंच मिळायचे नाहीत.

त्या न्यायासाठी आधी गडचिरोलीच्या रानात, बाबांच्या मुलाने जिथे दवाखाना थाटला त्या हेमलकशाकडे जाणारी वाट या दिवसांत पाहून यावी. आलापल्लीच्या पुढे सागवानाचे जंगल उघडे पडू लागलेले असते. ताटाएवढाली पाने एकेक करून खाली येतात, वाळून कुरकुरतात आणि पायाखाली असा आवाज करतात की एखादी खारसुद्धा मोठ्या जनावरासारखी भासावी. मधूनच एखादा पळस पेटलेला दिसतो. मोहाला अजून फुले धरायची आहेत. पर्लकोटा नदी, जी पावसाळ्यात पूल गिळून भामरागडाला दिवसचे दिवस जगापासून तोडते, ती आता वाळू उघडी टाकून एका कडेने निवांत चाललेली असते. थोड्याच अंतरावर पामुलगौतम आणि इंद्रावतीशी तिचा संगम होतो. धानाच्या बांध्या रिकाम्या आहेत. परक्या माणसाला हे सारे ओसाड, निरुद्योगी वाटेल. पण सागाने पाने टाकली ती आळसाने नव्हे. पुढच्या चार महिन्यांच्या कोरड्या उन्हात अंगातले पाणी राखायचे तर पानांचा संसार आवरता घ्यावाच लागतो. मृगाचे पाणी पडले की हेच झाड पुन्हा हिरवे होते. झाडाला हे कुणी शिकवावे लागत नाही आणि पाने गाळल्याबद्दल ते कुणाची क्षमा मागत नाही.

अशाच पानगळीच्या तोंडावर, २३ डिसेंबर १९७३ रोजी, या रानात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. बाबांनी मुलांना सोबत घेऊन भामरागडची वाट तुडवली होती, माडिया आदिवासींचे दैन्य दाखवले होते. त्या दर्शनातून डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे हे नवविवाहित जोडपे इथे राहायला आले. झोपडी होती, कंदील होता, वीज नव्हती, रस्ता नावालाच होता. दवाखाना थाटला, पण रुग्ण येईनात. अंगावर कपडे घातलेल्या माणसाची इथल्या माणसाला भीती वाटत असे आणि आजारपणात धाव असे ती गावच्या पुजाऱ्याकडे. शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेले हात अशा रीतीने रिकामे बसले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या काळातल्या त्यांच्या कामाचा आलेख शून्यावर होता, आणि एखाद्या तिमाही आढाव्यात हा प्रकल्प पहिल्याच फेरीत बंद झाला असता. पण त्या रिकाम्या दिवसांत माडिया भाषा कानावर पडत गेली, जिभेवर आली. पायवाटा ओळखीच्या झाल्या. आणि रानातून एक भाजलेला, टाकून दिल्यासारखा रुग्ण आला व बरा होऊन गेला, तेव्हा बाकीचे रान हळूहळू त्याच्या मागून आले. पुढे २००८ साली याच जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो कामाचा सन्मान होताच. पण त्या कामाचा पाया काही अंशी रिकाम्या दिवसांनी घातला होता, हे आपण विसरू नये.

आपल्याकडे आळशाला हिणवायची एक ठरलेली म्हण आहे: असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी. खाट म्हटली की आपल्याला ऐदी माणूस आठवतो. पण भामरागडच्या रानात खाट ही वेगळीच वस्तू आहे. खाट उलटी बांधून तिच्यात बांबू घालायचा, आजारी माणसाला तिच्यावर निजवायचे, दोघांनी-चौघांनी ती खांद्यावर घ्यायची आणि नाले, टेकड्या ओलांडून मैलोगणती चालत दवाखाना गाठायचा. इथे खाट हीच रुग्णवाहिका. तिच्यावर निजलेल्याला निजण्याची लाज वाटत नाही आणि वाहणाऱ्याला वाहण्याचा तोराही नसतो. आज याची पाळी, उद्या आपली. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली नातेवाईक चूल मांडतात, भात शिजवतात, आणि रुग्ण उठून चालू लागेपर्यंत तिथेच राहतात. घरी कामे नसतात असे नाही. पण माणूस पडला आहे तोवर त्याच्याशेजारी बसणे हेच त्या वेळचे काम, हे तिथे कुणाला समजावून द्यावे लागत नाही.

दुसरी खाट खुद्द बाबांची. श्रमाचा एवढा मोठा उपासक, पण पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांच्याकडून बसणे हिरावून घेतले. उभे राहायचे नाही तर आडवे व्हायचे, मधली अवस्था त्यांना उरली नाही. आयुष्याच्या उत्तरार्धातली कित्येक वर्षे त्यांनी अशी काढली. भेटायला येणाऱ्याला ते पलंगावर आडवे पडून भेटत. पत्रे, टिपणे सांगून लिहवून घेत. १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो'ची यात्रा निघाली तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि एकाहत्तरीचे बाबा बसमध्ये बसवलेल्या बिछान्यावर. नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले तेही असेच. आडवे पडून राहिलेल्या माणसाने एवढे केले, याचा अर्थ आपणही बिछान्यावर लॅपटॉप घेऊन काम करावे असा मात्र लावू नये. तो अर्थ आपले आजचे मन चटकन लावेल म्हणूनच ही सावधगिरी. बाबांच्या खाटेचा बोध साधा आहे. आपल्या शरीराने जे मागितले ते त्यांनी न लाजता दिले. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, मंत्र्यासंत्र्यांसमोर ते आडवे झाले आणि 'जरा पडलो होतो' असे त्यांना कधी म्हणावे लागले नाही.

मग त्यांच्या श्रमोपासनेचे काय? त्यांच्या सोमनाथ प्रकल्पावर १९६७ पासून उन्हाळ्याच्या सुट्टीत जी श्रमसंस्कार छावणी भरते, तिथे पहाटे उठून मातीकाम करणाऱ्या पोरांच्या तळहातांवरच्या फोडांचे काय? त्याचे उत्तर आनंदवनाच्या जन्मातच आहे. तिथे ज्यांच्या हाती कुदळ आली, त्या माणसांना जगाने कामावरून, घरातून, गावातून काढून टाकले होते. त्यांच्या वाट्याला आलेला रिकामपणा ही विश्रांती नव्हती; ती हद्दपारी होती. भिकेच्या वाडग्यापुढे बसलेल्या माणसाला विहीर खणायला लावणे म्हणजे त्याला माणसांत परत आणणे. तिथे श्रम औषध होते. आपले दुखणे उलट आहे. आपल्याला कामाने टाकलेले नाही, कामाने धरून ठेवले आहे. औषध एकच असले तरी रोगी बदलला की मात्रा बदलते, हे वैद्यकीचे पहिले सूत्र आपण बाबांच्या बाबतीत विसरतो आणि त्यांच्या नावाने स्वतःला चाबूक मारून घेतो.

मात्रा बदलण्याची ही गरज ज्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखली, ते लोखंडे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु'चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि आठवड्याची हक्काची सुट्टी अशी काही वस्तू नव्हती. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगापुढे गेले. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. महिन्याचा पगार वेळेवर. त्या अर्ध्या तासापाशी आपण थांबावे. भाकरी खायला, पाठ टेकायला, यंत्राच्या खडखडाटातून कान बाहेर काढायला अर्धा तास; एवढ्यासाठी हजारो माणसांनी सह्या नाहीतर अंगठे दिले. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. ज्या रविवारी आपण काल ओशाळलो, तो रविवार असा मागून, भांडून मिळवलेला आहे. आपल्या घरात जर कुणी पणजोबांनी घाम गाळून घेतलेली जमीन ओसाड टाकली तर आपण त्याला नावे ठेवतो. मग त्या माणसांनी मिळवलेला दिवस आपण रोज थोडाथोडा गहाण का टाकतो?

आणि नियतीचा खेळ असा, की ज्याने सुट्टी मिळवून दिली त्याला शेवटची विश्रांती मिळाली ती कामात असताना. मुंबईत प्लेगची साथ आली, लोखंडे रुग्णांच्या सेवेत उतरले आणि त्याच साथीने त्यांना नेले. वय पन्नाशीच्या आतच. श्रमाचा उपासक खाटेवर आणि सुट्टीचा कैवारी साथीच्या रणात. काम आणि विसावा या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत, असे मानणाऱ्याला ही दोन आयुष्ये कळायची नाहीत.

खरे तर आपल्या परंपरेला हे वैर ठाऊकच नव्हते. आपला पंढरीचा देव आषाढीला निजतो तो कार्तिकीला उठतो. चार महिन्यांच्या झोपेचा हिशेब त्याला कुणी विचारलेला नाही. त्याच्या भेटीला निघालेली पालखीसुद्धा सलग चालत नाही. वाटेत विसावे ठरलेले, रिंगण ठरलेले. विसावा घेतल्याने वारी लांबते असे कोणी वारकरी म्हणत नाही. विसावा हा वारीचाच भाग. आणि विदर्भातल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काय होते ते ज्याने पाहिले आहे, त्याला तर वेगळे सांगायला नको. बैलांना नदीवर धुऊन आणलेले असते. घरधनी वाटीत तूप नि हळद घेतो, पळसाचे पान त्यात बुडवतो आणि जू बसून बसून जिथे कातडे निबर झाले आहे, नेमक्या त्या जागी खांदा हलक्या हाताने शेकतो. बैल डोळे अर्धे मिटतो. मग त्याच्या कानाशी आमंत्रण जाते: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही. बैलाने हा दिवस मागितलेला नसतो; या वर्षी किती एकर नांगरले याच्यावर तो ठरत नाही; म्हाताऱ्या बैलालाही तोच मान. अमावास्या आली की खांदा शेकायचा, बस्स. घट्टा कुठे पडला आहे हे धन्याला माहीत असते, यातच सगळे आले.

भामरागडच्या माडियांचे पंडुम, म्हणजे सण, हेही याच जातीचे. आंबा झाडावर पिकला म्हणून कुणी उडी मारून तोडत नाही. गावाने मिळून पंडुम करायचा, देवाला दाखवायचे, मग तोंडात घालायचे. हाताशी असूनही हात आवरणे ही शिस्त आहे, आणि तीतून जंगलाला उसंत मिळते, माणसालाही. थोडे उत्तरेकडे, वैनगंगेच्या काठाने, झाडीपट्टीत तर सगळा हंगामच विरंगुळ्याला दिलेला. धान घरात आले, दिवाळी झाली, की होळीपर्यंत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक रंगते. वडशाच्या नाटक मंडळ्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. शेकोटीशेजारी, घोंगडी पांघरून, लेकरे मांडीवर निजवून माणसे पहाटेपर्यंत बसतात. मंडईला आलेल्या पाहुण्यांत सोयरिकी जुळतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्या मुलखाला आपण मागास म्हणतो, त्याने कष्टाच्या आणि करमणुकीच्या महिन्यांची अशी वाटणी करून ठेवली आहे. पुढारलेले म्हणवणारे आपण रविवारच्या दोन तासांनाही घाबरतो.

ही भीती आली कुठून? वेळ म्हणजे पैसा, हे आपण इतके घोकले की रिकामा वेळ खिशातून पडलेल्या नाण्यासारखा वाटू लागला. छंद जोपासायचा तर त्यातून चार पैसे मिळावेत, फिरायला जायचे तर पावले मोजली जावीत, वाचायचे तर वर्षाअखेर पुस्तकांचा आकडा सांगता यावा. मोठमोठे उद्योगपती कधी आठवड्याला सत्तर तास, कधी नव्वद तास काम करण्याचा उपदेश करतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली. लोखंड्यांच्या महाराष्ट्रात हे घडते तेव्हा त्यांच्या पुण्यतिथीला हार घालताना आपला हात थोडा तरी अडखळावा.

पण इथे आपणही आपल्याला एक प्रश्न विचारायला हवा. विसाव्याची टोचणी लागणे हीसुद्धा एक चैन आहे. उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडणारी बाई पहाटे निघते, दिवस वर आल्यावर पानांचे ओझे घेऊन परतते, आणि मग सत्तर पानांचा एकेक पुडा बांधत दुपार काढते. तिला पाठ टेकल्याचा पश्चात्ताप होत नाही, कारण पाठ टेकायला तिला सवडच नसते. आपल्या घरातही पाहा. रविवारी पुरवणी छातीवर घेऊन जो निजतो, त्याच्या दुपारच्या चहाचे आधण कोण ठेवते? पोळ्याला बैलाच्या खांद्यावरचे जू उतरते. पण त्याच दिवशी पुरण शिजवणारीच्या, वाटणारीच्या खांद्याला कोणी हळद लावल्याचे ऐकिवात नाही. आपल्या भांडी घासणाऱ्या मावशींना आठवड्याची सुट्टी आहे का? रविवारी सकाळी हाताखालच्या माणसाला 'वेळ मिळेल तेव्हा बघ' असा निरोप धाडणारे आपण, त्याच्या वेळेचे काय करतो?

तेव्हा विसाव्याचा नव्याने विचार इथूनच सुरू व्हावा. ज्या विसाव्याला आपण स्वतःपुरती चूक समजत होतो, ते एकमेकांचे देणे आहे, असे मानून पाहावे. बैल मागत नाही, म्हणून धनी आठवण ठेवतो. रुग्ण चालू शकत नाही, म्हणून चार खांदे खाट उचलतात. गिरणीतली अंगठा देणारी माणसे स्वतःच्या एकट्याच्या सुट्टीसाठी जमली नव्हती. जो विसावा दुसऱ्याच्या खांद्यावरचे जू न उतरवता घेतला जातो, त्याची टोचणी लागणे योग्यच; पण तीवरचा उपाय आपण उठून आणखी राबणे हा नव्हे. दुसऱ्यालाही आडवे होऊ देणे, हा आहे.

येत्या रविवारी महाशिवरात्र आहे. गडचिरोलीत मार्कंड्याला वैनगंगेच्या पात्रात यात्रा भरेल, माणसे वाळूत चुली मांडतील, देवदर्शन झाल्यावर नदीकाठी निवांत बसून राहतील. आपल्यालाही तो दिवस मिळणार आहे. त्या दिवशी घरातल्या ज्या माणसाने गेल्या कित्येक रविवारी पाठ टेकलेली नाही, तिला किंवा त्याला आधी निजू द्यावे, चहाचे आधण आपण ठेवावे. मग आपणही डाव्या कुशीवर व्हावे. आणि जाग आल्यावर कुणी विचारलेच, तर सरळ सांगावे, की हो, झोपलो होतो.